नळीपेक्षा रुंद पेशी

"...पण एवढ्याशा जागेत माझ्यासारख्यानं करायचं तरी काय, भन्ते?"

डॉक्टर तन्मय रामटेके म्हणजे सुवर्णपदक मिळवलेला माणूस. तीन वर्षं जंगलाकाठच्या चार खोल्यांच्या दवाखान्यात होता. आता नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयातून बोलावणं आलं होतं. सोमवारपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं, म्हणून आज तो टेकडीवरच्या विहारात आला होता.

तिथले भन्ते शीलरत्न चीवर घेऊन भिक्खू होण्याआधी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायचे. तन्मय त्यांचाच विद्यार्थी. भन्तेंचा संसार सुटला, सूक्ष्मदर्शक काही सुटला नाही, अशी गावात थट्टा चाले. ती खोटी नव्हती.

भन्तेंनी वाटीतला बेडूकमासा अलगद काचेवर घेतला, अंगावर ओला कापूस ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाचा आरसा उन्हाकडे फिरवला.

"शेपटीत बघ."

तन्मयनं डोळा लावला. काच इकडेतिकडे सरकवून त्यानं सगळ्यात रुंद रक्तवाहिनी शोधली.

"काय वेगानं जातंय रक्त!"

"कुणाला काय देतंय?"

"इथं? ...इथं काहीच नाही. नुसतं पुढं जातंय."

भन्तेंनी काच थोडी मागे सरकवली. आता केसाहून कितीतरी बारीक नळी दिसू लागली. एक तांबडी पेशी तिच्या तोंडाशी आली. पेशी नळीपेक्षा रुंद होती. ती थांबली.

"शेपटी दाबली गेलीय," तन्मय लगेच म्हणाला. "वाट बंद झाली."

"हात लावू नकोस."

...

पेशी दुमडली. भोवतीच्या बिनरंगी द्रवाचा पातळसा थर तिच्या आणि भिंतीच्या मधे राहिला, आणि त्याच्यावरून ती सरकत आत गेली. तिच्यामागे दुसरी. मग तिसरी. एका ओळीत, भिंतीला अगदी खेटून.

परीक्षेत तन्मयनं यावर पानंच्या पानं लिहिली होती. पाहिलं मात्र आज. किती सुंदर होतं ते! त्याला डोळा काढवेना.

"नळी रुंद असती तर?" भन्तेंनी विचारलं.

"भराभर गेल्या असत्या."

"आणि?"

तन्मयनं भिंतीला खेटून जाणारी पेशी पुन्हा नीट पाहिली.

"आणि... प्राणवायू पोचला नसता. इतक्या जवळून गेल्याशिवाय तो देताच येत नाही."

"हं."

पलीकडच्या टोकाला पेशी बाहेर पडत होत्या. बाहेर पडली की प्रत्येक पेशी पुन्हा आपल्या आकाराची होई आणि वाटेला लागे.

"कुठं निघाल्या?"

"हृदयाकडे. तिथून कल्ल्यांत जाऊन पुन्हा प्राणवायू भरून घेतील, आणि फिरून इकडंच येतील."

कापूस सुकायला लागला होता. भन्तेंनी बेडूकमासा उचलून दारापुढच्या डबक्यात सोडला. तो शेपूट हलवत शेवाळात शिरला.

तन्मयचे डोळे भरून आले होते. त्यानं वाकून हात जोडले.

"कळलं, भन्ते. नागपूरला 'नाही' म्हणून कळवतो. आता इथून हलायचं नाही. जन्मभर इथंच राहायचं."

भन्ते हसले.

"त्या नळीत राहिलेली एक तरी पेशी दिसली का तुला?"