कड्यावरचं मोहोळ

पूर्वी एका उंच कड्यावर मधमाश्यांचं मोहोळ होतं, बैलगाडीच्या चाकापेक्षाही मोठं. तिथला मध न्यायला रानोरानचे प्राणी येत. पहारेकरीण सोनकीला त्याचा फार अभिमान होता. गांधीलमाश्यांना ती जवळही फिरकू देत नसे.

एकदा ती वर कातळाशी गेली, तर मोहोळाला धरून ठेवणारं मेण भेगाळलेलं दिसलं. ती धावत राणीकडे गेली.

"राणीसाहेब, वर डागडुजी करायला हवी."

"गिऱ्हाईक मध बघतं गं, वरचं मेण कोण बघतंय? सगळ्यांना मधाच्याच कामाला लाव."

मोहोळ वाढतच गेलं. मग एका सकाळी, झाडाचं पानही हलत नसताना, ते अख्खंच्या अख्खं सुटलं. दरीभर सोन्यासारखा मध सांडला. 

"कोणी हल्ला केला?" राणी ओरडली.

सोनकीने चहूकडे पाहिलं. आभाळ निरभ्र होतं.

"कोणीच नाही, राणीसाहेब."