गोष्ट ऐकायला वर येणारी बारव

एकदा काय झालं, एका गावची बारव रुसली. बारव म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची मोठी विहीर, बरं का. आणि ही काही साधीसुधी बारव नव्हती. तिच्या पाण्याला गोष्टींचं भारी वेड. दिवसभर ते आपलं तळाशी झोपलेलं असायचं. पण संध्याकाळी पायरीवर बसून कुणी पोथी वाचायला लागलं, की एकेक पायरी चढून वर यायचं ऐकायला. मग बायका घागरी भरून घ्यायच्या. गोष्ट थांबली की पाणी परत खाली. अजून एक, अजून एक, म्हणून तुमच्यासारखा हट्ट करायचं, पण जायचं हो शहाण्यासारखं.

वाचायचा मान एकाच घरचा. दुसऱ्या कुणी वाचलं तर पाणी कूस बदलून झोपायचं. त्या घरात होती गिरजा आणि तिचा नवरा मायाप्पा. मायाप्पा मेंढरं राखायचा. गिरजा वाचायची आणि तो शेजारी बसून लोकर कातायचा. राक्षस आला की ती आवाज जाड करायची, राणी रडली की थोडी थांबायची. काय दिवस होते ते. ती त्याला म्हणायची, "अवो, तुमीबी वाचायला शिका की." तो म्हणायचा, "तू हाईस की." अक्षरं त्याला येत होती लहानपणापासून, पण वाचायला बसला की जीभ चिखलात रुतायची.

मग एका उन्हाळ्यात गिरजा तापानं गेली. एका राजाची गोष्ट अर्ध्यात राहिली. पाणी तळाशी गेलं ते वरच येईना, आणि कुणी घागर घेऊन पायऱ्या उतरलं की आणखीच खोल जायचं. लांबच्या नदीवरून पाणी आणून आणून लोकांची कंबर मोडली. शेवटी पाटील म्हणाले, "अक्षय तृतीयेपर्यंत वाट बघू. नाहीतर गाव हलवू." लोकांनी गाठोडी बांधायला घेतली. मायाप्पाला काही जाववेना. गिरजाचा आवाज त्या पायऱ्यांवर होता. तो सोडून हा माणूस जाणार कुठं?

मग काय, त्यानं पोथी उचलली आणि बारवेवर जाऊन बसला. "रा… जा… नि… घा…" असं चाललं. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत तो सुरुवात विसरायचा. राजा निघाला की राणी, ते त्यालाच कळेना, तर पाण्याला काय कळणार? पाणी एक पायरी वर आलं, जांभई दिली आणि गेलं खाली.

मग मायाप्पानं लबाडी केली. गावात विसोबा पंतोजी होते, पोरांना शिकवायचे. त्यांच्याकडून त्यानं गोष्ट वाचून घेतली. पण गिरजा जिथं थांबली त्याच्या पुढं जायचं नाही, असं बजावून. तेवढी घोकून घोकून पाठ केली आणि बारवेवर बसून धडाधडा म्हणायला लागला. पाणी आलं की वर. बायका घागरी घेऊन धावल्या. पण हा गडी पान उलटायचं विसरला. इतकी वर्षं पोथीत डोकावून पाण्यालाही अक्षरं कळायची, बरं का. ते बघतंय तर राजा पोचलाय समुद्रावर आणि पानावर अजून राजवाडाच. असं फणकारलं म्हणता, आणि गेलं तळाशी. घागरी रिकाम्या त्या रिकाम्याच.

मायाप्पा डोक्याला हात लावून बसला. तेव्हा विसोबा पंतोजी शेजारी येऊन टेकले. म्हणाले, "मायाप्पा, तुझी मेंढरं आम्हाला सगळी सारखी दिसतात रे. तू कशी ओळखतोस? आधी कान बघतोस, मग शिंग, मग शेपूट?"

"छ्या. तसं बघत बसलो तर मेंढरू डोंगराआड जाईल. मी आख्खं मेंढरू बघतो."

"मग शब्दही आख्खा बघ. बरं, नवीन मेंढरू एकदा बघून ओळखू येतं?"

"न्हाई बा. संगं हिंडावं लागतं थोडे दिस."

"तसंच पानाबरोबर हिंड," पंतोजी म्हणाले.

मग मायाप्पा पंतोजींच्या ओसरीवर पोरांत जाऊन बसायला लागला. एवढ्या मिशा, आणि मांडीवर पोथी. पोरं हसली, तोही हसला. आधी पंतोजी वाचायचे आणि मागोमाग तो. मग दोघं एकदम. मग पंतोजी हळूच गप्प व्हायचे. चार ओळी गेल्यावर मायाप्पाच्या ध्यानात यायचं, की आपण एकटेच चाललोय. रानात तो मेंढरांना तेच पान वाचून दाखवायचा. आणि गंमत बघा, पान जसं सरावाचं झालं, तसा त्याला त्यात गिरजाचा आवाज ऐकू यायला लागला. मग तोही राक्षस आला की आवाज जाड करायला लागला.

अक्षय तृतीया आली. गाड्या भरून उभ्या होत्या. मायाप्पा पायरीवर बसला आणि वाचू लागला. पाणी कानोसा घेत वर आलं. एका शब्दाला तो अडला. कुणीतरी सांगायला पुढं झालं, त्यानं हातानंच थांबवलं. ओळ पहिल्यापासून पुन्हा वाचली, तेव्हा शब्द आपसूक आला. पाणी आणखी वर चढलं.

वाचता वाचता तो गिरजा थांबली होती तिथं पोचला. पान उलटलं. हे पान तिनं कधी वाचलंच नव्हतं. आता त्याच्या कानात तिचा आवाज येईना. त्याचे डोळे भरून आले. पाणी त्याच्या खालच्याच पायरीवर वाट बघत थांबलं होतं.

मग मायाप्पानं डोळे पुसले आणि स्वतःच्या आवाजात वाचायला लागला. हळू वाचलं, पण वाचलं. राजा वादळातून सुटला. राजा डोंगर उतरला. राजा घरी पोचला, आणि राणी दारातच उभी होती. पाणी वरच्या पायरीवर येऊन त्याच्या पायांना लागलं. बायकांनी घागरी बुडवल्या. मायाप्पाचं तिकडं लक्षच नव्हतं. तो वर आभाळाकडं बघून म्हणाला, "गिरजे, पोचला बघ गं तो घरी." आणि तिला नीट ऐकू जावं म्हणून शेवटचं पान त्यानं पुन्हा एकदा मोठ्यानं वाचलं.

गाड्या रिकाम्या झाल्या, चुली पेटल्या, माणसं आणि मेंढरं पोटभर पाणी प्याली. गाव तिथंच सुखानं नांदलं. आणि पाणी गेलं तळाशी झोपायला. तुम्हीही मिटा डोळे आता.