झोपलेल्या कोशांची माळ

फार पूर्वी, राजे त्यांच्या वस्त्रांवरून ओळखले जात त्या काळी, एका दाट जंगलाच्या कडेला एक गाव होतं. गावाला शेती नव्हती. होती ती ऐनाची झाडं. त्या झाडांवर हिरव्यागार अळ्या पाळायच्या, त्यांनी विणलेले कोश उतरवायचे आणि त्यांचं टसर रेशीम राजाला द्यायचं. राजा बदल्यात धान्य देई आणि जंगलात राहू देई. एवढ्यावर सारं गाव जगत होतं.

दर हंगामात उत्तम कोश बियाणं म्हणून बाजूला काढत. प्रत्येक घर त्यांची एक माळ करी आणि त्या साऱ्या एका अंधाऱ्या, थंड झोपडीत टांगत. थंडी जाई, उन्हाळा तापे, आणि ते कोश तसेच लोंबत राहत. आतला जीव खात नसे, पीत नसे, हलत नसे. अळी होऊन गेलेली, पतंग अजून व्हायचा होता. मग पावसाळ्याच्या तोंडावर कधीतरी पतंग बाहेर पडत, अंडी घालत आणि नव्या अळ्यांचा हंगाम सुरू होई.

गावाचा एक रिवाज होता. ज्या हातांनी माळा टांगल्या, त्याच हातांनी त्या उतरवायच्या. दुसऱ्या कुणी स्पर्श करायचा नाही. त्या वर्षी हा मान गावच्या म्हाताऱ्या पाटलाच्या नातीकडे होता.

नात तोंडाची तिखट होती. ती प्रश्न विचारायची आणि उत्तर पटलं नाही तर तोच प्रश्न पुन्हा विचारायची. घरातल्या मोठ्यांना ही दुसरी सवय जास्त टोचायची.

मागच्या हंगामात ती झाडांखाली राखणीला बसली होती. पानं खाता खाता अळ्या मधेच थांबल्या. डोकं वर उचलून एकेक अळी फांदीवर दगडासारखी स्थिर झाली. कावळ्यांचं फावलं.

"आबा," ती म्हणाली, "वैरी डोक्यावर घिरट्या घालतोय आणि या झोपतात कशा?"

"आळस," पाटील म्हणाला. "दुसरं काय?"

"आळशी असत्या तर कावळ्यांनी यांना कधीच संपवलं असतं. जागणाऱ्या तेवढ्या उरल्या असत्या. मग जागणारी एक तरी दाखवा!"

"पोरी, फार विचार केला की केस पांढरे होतात."

"मग तुमचे कशानं झाले?"

पाटील काठी टेकत घराकडे वळला. नात मात्र बघत राहिली. झोपलेल्या अळीची कातडी पाठीवर उकलली आणि आतून तीच अळी नव्या, ओल्या, सैल कातडीत बाहेर आली. जुनी कातडी तिला पुरेनाशी झाली होती. ज्या अळ्यांना पोरांनी काडीनं डिवचून जागं केलं होतं, त्या जुन्या कातडीतच अडकून मेल्या. निपचित दिसणाऱ्या त्या जिवात केवढी उलथापालथ चालली होती!

हिवाळा सरता सरता राजाचा कारभारी गावात आला. राजकन्येचं लग्न ठरलं होतं. पावसाच्या आधी. मांडवाला टसर रेशमाचं छत हवं होतं. छत आलं नाही तर जंगल तोडलं जाणार होतं. म्हणजे गाव उठणार होतं.

सारे जाणते पारावर जमले. त्या हंगामाचं रेशीम राजाला आधीच देऊन झालं होतं, उरलं होतं ते बियाणं.

"ते कोश महिनोन् महिने लोळत पडलेत," एक म्हातारा म्हणाला. "उठवू या त्यांना. माळा घरोघरी नेऊ, निखारे ठेवू, पाणी शिंपडू. पावसाळा आला असं त्यांना वाटेल. पतंग निघतील, अळ्या होतील, लग्नाआधी रेशीम हातात येईल."

"आणि अळ्या खातील काय?" नात उभी राहिली. "ऐन तर पानं गाळून बसलाय. तोही झोपलाय."

"नदीकाठचे ऐन अजून हिरवे आहेत की!"

"त्यांची पानं जुनी आहेत, काका. चामड्यासारखी झालीत. कालच जन्मलेल्या अळीला ती चावता येतील का?"

"हिला बोलावलं कुणी?" तिची चुलती म्हणाली. "माळा उतरवायला सांगितलं की उतरवायच्या. आम्ही काय उगीच चार पावसाळे जास्त पाहिलेत?"

"पाहिलेत ना, काकू. पण अंगावर आल्यावर पाहिलेत. हा आतला जीव डोळे मिटून, अंधारात, पावसाळा यायच्या आधी ओळखतो. त्याला जाऊन शहाणपण शिकवा!"

पाटलानं काठी आपटली. "तुझी खात्री आहे का, हे जमणार नाही म्हणून?"

नात खरं तेच बोलली. "नाही. तुमची आहे का, जमेल म्हणून?"

पाटलाचीही नव्हती. पण बाकी सगळ्यांना गाव वाचवायचं होतं आणि नकार देऊन हातावर हात ठेवून बसणं कुणालाच परवडणारं नव्हतं. नातीलाही ते कळत होतं. साऱ्या गावाचा निर्णय तिनं एकटीनं कसा घ्यायचा? ती झोपडीत गेली आणि एकेका घराची माळ उतरवून ज्याच्या त्याच्या हाती देऊ लागली. शेवटची माळ राहिली, तिच्या स्वतःच्या घराची. ती तिनं उतरवली नाही.

"पाटलाच्याच घरची माळ मागं?" चुलती कुजबुजली. ते साऱ्यांना ऐकू गेलं.

पाटलाचं तोंड काळवंडलं. "ती माळ तिथं आहे तोवर माझ्याशी बोलू नकोस," तो म्हणाला आणि निघून गेला.

घराघरांत निखाऱ्यांची ऊब लागली, पाण्याचे शिंतोडे उडाले आणि खरोखरच पतंग बाहेर पडले. गावात आनंदाची लाट आली. पोरं नातीच्या दारासमोर नाचली. "काय ग शहाणे, उठले की नाही?"

पतंगांनी अंडी घातली. अंड्यांतून केसाएवढ्या बारीक अळ्या निघाल्या. गावानं त्या नदीकाठच्या झाडांवर सोडल्या. अळ्या पानांच्या कडेवर चढल्या, कडा कुरतडायला पाहू लागल्या आणि थकून थांबल्या. पानं त्यांच्यासाठी फार निबर होती. वरून ऊन भाजत होतं. नात धावत गेली. टाचा उंचावून तिनं फांद्यांची कोवळी टोकं शोधली, जिथं जिथं लालसर पालवी दिसली तिथं अळ्या उचलून ठेवल्या. चुलतीही तिच्या शेजारी उभी राहून तेच करत होती. पालवी मूठभरही नव्हती. थोड्याच दिवसांत झाडांखालची मुंग्यांची रांग लांबत गेली आणि झाडांवर काही उरलं नाही.

आपलं खरं ठरल्याचा आनंद नातीला शोधूनही सापडला नाही.

मग कारभारी आला. त्याचे डोळे लाल होते, दाढी वाढली होती. लग्नाच्या धावपळीत कित्येक रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. घोड्याचा लगाम हातात धरून तो ओरडत होता, "माझा घोडा कुठं गेला?"

"सरकार, हातात आहे," पाटील हळूच म्हणाला.

"मला माहीत आहे! रेशीम कुठं आहे?"

घडलेलं सारं पाटलानं हात जोडून सांगितलं. कारभाऱ्याला ते धड ऐकूही येत नव्हतं. "उद्या सकाळी जंगल तोडायला माणसं येतील," एवढंच तो म्हणाला. मग लपवलेलं रेशीम शोधायला तो झोपडीत शिरला आणि त्याला ती एकुलती एक माळ दिसली.

"हे काय? चोरांनो! हेच नेतो राजाकडे." त्यानं हात वर केला.

नात मधे उभी राहिली. "न्या. पण आधी बसा. पाणी घ्या. उभ्यानं पडाल तुम्ही."

कारभारी भिंतीला टेकून बसला. "मी पडत नाही," तो म्हणाला. "मला अजून मांडव, हत्ती, पंगत..." आणि पंगतीवरच त्याची मान कलली.

दाराशी जमलेल्या म्हाताऱ्यांची गाळण उडाली. "उठवा त्यांना! राजाचा माणूस आपल्याकडे येऊन असा जमिनीवर... जाग आल्यावर डोकी उडवील."

"कुणी उठवायचं नाही," नात म्हणाली.

सगळ्यांनी पाटलाकडे पाहिलं. पाटील कारभाऱ्याकडे बघत होता. त्या माणसाच्या कपाळावरची आठी हळूहळू उलगडत होती. पापण्यांखाली बुबुळं हलत होती, जणू आत कुणी पसरलेलं घर आवरत होतं. श्वास आधी तुटक होता, मग लांब झाला, मग समुद्राच्या लाटेसारखा येऊ-जाऊ लागला.

"झोपू द्या त्याला," पाटील म्हणाला. मग कितीतरी दिवसांनी तो नातीशी बोलला. "हे जीव एवढे का झोपतात, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं का ग?"

"थोडंसं, आबा." ती त्याच्या शेजारी बसली. "फार फार मागं घाईनं उठणारे कोशही असतील. ते उठले तेव्हा फांद्या उघड्या होत्या. त्यांची पोरं जगली नाहीत. आपण पाहिलंच. काहींना मात्र जरा जास्त झोप आली. ते उठले तेव्हा पालवी फुटली होती. त्यांची पोरं जगली, आणि त्या पोरांना आईबापांसारखीच झोप आली. असं किती पिढ्या घडलं असेल, कुणास ठाऊक. आज या माळेत जे झोपलेत ते त्या वाचलेल्यांची नातवंडं आहेत. झाडाचं वर्ष यांच्या अंगात उतरलंय."

"आणि अळ्यांची ती झोप? कावळे डोक्यावर असताना?"

"झोपेत कावळा खातोच, आबा. पण झोपलं नाही तर कातडीच जीव घेते. आपलंही तसंच असणार. रोज रात्री आपण डोळे मिटून पडतो, साप असो, वाघ असो. एवढा धोका पत्करायचा, म्हणजे आत काहीतरी तसंच मोठं काम चालत असणार. माशी झोपते, हरीण झोपतं, एवढा मोठा हत्ती झोपतो. सगळेच कसे आळशी असतील?"

पाटील म्हणाला, "मी कधी विचारलंच नाही."

कारभारी ती दुपार झोपला, रात्र झोपला, दुसरा दिवसही झोपला. हुकूम द्यायलाच कुणी नव्हतं, तेव्हा जंगल तोडणारी माणसंही आली नाहीत. संध्याकाळ होत आली. हवा दमट झाली होती. पाऊस अजून कुठंच नव्हता, पण बाहेर ऐनाच्या उघड्या फांद्यांना तांबूस, मऊ पालवी फुटली होती.

माळेतल्या एका कोशाचं टोक ओलं झालं. मग शेजारच्या कोशाचं. मग साऱ्यांचं. दगडासारखे घट्ट कोश आतून मऊ झाले, धागे बाजूला सरले आणि एकेक चुरगळलेला ओला जीव बाहेर येऊन लोंबू लागला. बघता बघता पंख पसरले, तळहातापेक्षाही मोठे, पिवळे, आणि प्रत्येक पंखावर काचेसारखा एक पारदर्शक डोळा. दाराशी उभ्या असलेल्या गावाला श्वास घ्यायचंही भान राहिलं नाही.

तेवढ्यात मागून पंखांची फडफड ऐकू आली. जंगलातून पतंग येत होते. ज्यांना कुणी पाळलं नव्हतं, टांगलं नव्हतं, ज्यांचे कोश दूर कुठल्या तरी फांदीवर एकटे झुलत होते, तेही त्याच संध्याकाळी जागे झाले होते. झोपडी पंखांनी भरून गेली.

कारभाऱ्यानं डोळे उघडले. त्याच्या खांद्यावर एक पतंग बसला होता. तो हलला नाही.

"यांना कुणी सांगितलं?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"कुणीच नाही," नात म्हणाली.

कारभारी कितीतरी वेळ वर बघत राहिला. मग त्यानं पाणी मागितलं आणि पाटलाला नीट नाव घेऊन हाक मारली. "जंगल तोडायचं मी म्हणालो होतो? तोडलं असतं तर राजाला पुढं कुठलंच रेशीम मिळालं नसतं. एवढं साधं मला कसं सुचलं नाही?" तो उठला. "मांडवाला सुताचं छत लावू. राजाशी मी बोलेन. पण आधी त्याला झोपवावं लागेल. हल्ली तो मलाच हत्तीच्या नावानं हाक मारतो."

त्या वर्षी गावानं एकही कोश राजाला दिला नाही. सारे बियाण्याला ठेवले. कंदमुळं उकडून खाल्ली, उसनं धान्य मोजून शिजवलं, पोरांची पोटं अर्धी राहिली. पुढच्या वर्षी माळा पुन्हा झोपडीभर झाल्या.

मग राजाचा नवा माणूस आला आणि रेशीम लवकर हवं म्हणाला. पारावरचे म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. पाटलानं काठी बाजूला ठेवली आणि म्हणाला, "झाडाला पालवी येईल तेव्हा या. त्याआधी आमच्या हातात काही नाही." मग तो नातीकडे वळला. "बरोबर सांगितलं ना ग?"

यातून घ्यायचं तात्पर्य इतकंच: झोपलेल्या जिवाला आळशी म्हणण्याआधी त्याच्या आत काय घडतंय ते विचारावं, आणि वयानं कितीही मोठं झालं तरी ऋतूपेक्षा कुणी मोठं होत नाही.