मामांची खोली

कराडच्या लग्नाची बैठक जानवशावर अडली. वरपक्षासाठी नवरीच्या कालिंदीआत्यांनी कार्यालयासमोरचं साधं, नीटनेटकं हॉटेल ठरवलं होतं. नवऱ्याचे मामा दिगंबरराव मात्र हायवेवरच्या बड्या हॉटेलासाठी हटून बसले.

"तिथं जागचं हलावं लागत नाही. चहा, जेवण, मालिश, सगळं खोलीत! नाहीतर या सोयरिकीचा फेरविचार करावा लागेल."

नवरीच्या वडिलांचा चेहरा उतरला. आत्या शांतपणे म्हणाल्या, "तिथंच उतरा, मामा. मुहूर्त सकाळी सातचा, वाट तासाभराची. तुम्ही हलूच नका, अक्षताही खोलीतच पाठवते. फक्त नवरदेवामागे उभं राहायला समोरच्या हॉटेलातला एखादा मामा बघून ठेवते."

बैठकीत हशा पिकला. मामांनी टोपी सारखी केली आणि विचारलं, "त्या समोरच्या हॉटेलात गरम पाणी किती वाजता येतं?"