परक्या बाईचा भत्ता

विस्मृती जडलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी सरकारनं भत्ता काढला, तशा द्वारकाबाई नवऱ्याला हाताला धरून कचेरीत गेल्या.

साहेब खेकसले, "भत्ता सांभाळणाऱ्या परक्या माणसाला. बायकोचं ते कर्तव्यच! त्याचे कसले पैसे?"

घरात बोलायला कुणी नसल्यानं द्वारकाबाई हल्ली मोजकंच बोलत. म्हणाल्या, "मी यांची कोण, ते यांनाच विचारा."

साहेबांनी ऐटीत विचारलं. म्हातारा हात जोडून म्हणाला, "कुणी परकी बाई आहे. पण फार जीव लावते हो."

"ऐकलंत? आता लिहा, परकी."

साहेबांनी अर्ज ओढून सही केली.

परतीच्या वाटेवर म्हातारा काळजीनं म्हणाला, "बाई, उशीर झाला. तुमच्या घरी वाट बघत असतील."

"बघायचे हो," द्वारकाबाई म्हणाल्या, "पूर्वी."