कधीच न फसणारी तबकडी

“...पण दर शुक्रवारी तीच जागा, तीच माणसं. कंटाळा नाही का हो आला, मास्तर?”

ओस्विन मास्तर वायर गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

पुण्यात कॅम्पातल्या एका तळघरातला तो नाइटक्लब दुपारच्या वेळी अगदीच बापुडवाणा दिसत होता. टेबलांवर उलट्या खुर्च्या, फरशीला फिनाइलचा वास, आणि रात्री चांदणं सांडणारा आरशांचा गोळा ट्यूबलाइटखाली नुसता धुळकट.

केस काळे होते तेव्हापासून मास्तर इथे दर शुक्रवारी गाणी लावत आले होते. आता गुडघे ऐकत नव्हते. क्लबचे मालक म्हणाले होते, मास्तर ज्याचं नाव घेतील त्याला शुक्रवार.

म्हणून शलाका आली होती. उद्याच्या शुक्रवारी ती इथे पहिल्यांदा वाजवणार होती.

बाळ होण्याआधी डीजे म्हणून तिने गोवा केलं होतं, बंगळुरू, शिलाँग केलं होतं. पोस्टरवर ठसठशीत नाव, समोर मैदानभर माणसं. एका रात्रीत सगळ्यांना वेडं करायचं आणि सकाळच्या विमानाने परत यायचं. आता चिऊ दीड वर्षांची होती आणि विमानं बंद झाली होती. दर आठवड्याला एकाच ठिकाणी वाजवायचं, याला त्यांच्या धंद्यात रेसिडेन्सी म्हणतात. शलाकाला ती सरकारी नोकरीसारखी वाटे. आणि ती नोकरीसुद्धा नाही मिळाली तर आपलं काय, म्हणून रात्री डोळा लागत नसे. दोन्ही एकदमच. तिचं असंच असायचं.

“उद्या कशाने सुरुवात करशील?” मास्तरांनी विचारलं.

“गर्दी बघून. मला गर्दी वाचता येते.” शलाका ताठ झाली. “दहा मिनिटांत डान्स फ्लोअर भरते मी.”

“दहा मिनिटांत... मग होमीचं काय?”

“कोण होमी?”

“त्या खांबाशी उभा राहतो. बँकेतून थेट येतो, पाठ धरलेली असते बिचाऱ्याची. पहिला तासभर नुसती मान हलवतो. घाई केलीस तर सरळ घरी जातो. तो नाचायला लागला की कोपऱ्यातल्या त्या दोघी बहिणी उठतात. त्या उठल्या, की मग कोणी बसून राहत नाही.”

शलाकाने एवढ्या मैदानांवर वाजवलं, पण समोरच्या एकाचंही नाव तिला कधी कळलं नव्हतं.

फोन थरथरला. शेजारच्या सुलभाकाकू : चिऊ उठलीये. तुला शोधतेय.

“मास्तर, मला निघायला हवं. एवढंच सांगा... इथे हमखास चालणारं गाणं कोणतं?”

मास्तरांनी रेकॉर्डच्या खोक्यात हात घातला. अगदी मागची एक काढून तिला दिली.

“ही. ही कधीच फसत नाही.”

शलाकाने तबकडी बाहेर काढून उजेडात तिरकी धरली. साधा ओरखडा नव्हता.

“ही तर कोरी दिसतेय.”

“तुझ्याहून वयाने मोठी असेल.”

“मग लावत का नाही?”

“लावली की. आमचा बारवाला पिंटो गावाला परत गेला, त्या शुक्रवारी लावली. आणि कोविडनंतर क्लब पुन्हा उघडला तेव्हा...”

मास्तरांनी खांबाकडे पाहिलं.

“त्या दिवशी कोणी नाचलंच नाही, बाय. एकमेकांचे खांदे धरून उभे राहिले सगळे. मधल्या काळात होमीची बायको गेली होती. त्या खांबाला टेकून त्याने गाणं पुरं ऐकलं. मग म्हणाला, मास्तर, आता एक बिअर पाजा.”

“आणि नंतर?”

“नंतर नाही. लोक विचारतात अजून. आज लावणार का, मास्तर? मी म्हणतो, बघू.”

“पण कधी लावायची, हे कळतं कसं?”

“मी इथेच असतो ना.”

“घेऊन जा,” मास्तर म्हणाले. “उद्या लाव. पहिल्याच दिवशी डोक्यावर घेतील तुला.”

शलाकाने तबकडी पिशवीत सरकवली. डायपर आणि दुधाची बाटली बाजूला करावी लागली. एक गाणं... की उद्याची रात्र आपली. मालक खूश, शुक्रवार पक्का. ती जिन्यापाशी पोचली.

आणि थांबली.

तिच्या घरीही असं एक हमखास गाणं होतं. चिऊ रडली की लावायचं. जेवली नाही की लावायचं. स्वतःला सुखाने आंघोळ करायची असली तरी लावायचं. महिन्याभरात चिऊ ते गाणं ऐकूनच रडायला लागली होती.

शलाका मागे फिरली. तबकडी खोक्यात होती तिथे, अगदी मागे ठेवून दिली.

“काय झालं?”

“काही नाही,” ती म्हणाली. “बघू.”

मास्तर त्या दुपारी पहिल्यांदाच हसले. खिशातून गाणी लावायच्या बूथची किल्ली काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवली.

“मालकांना मी सांगतो.”

किल्ली हातात पडली आणि शलाकाचं सगळं उसनं अवसान गळालं.

“मास्तर... पण नाहीच जमलं तर? होमी घरी गेला, बहिणी उठल्याच नाहीत, फ्लोअर रिकामा राहिला, तर?”

मास्तरांनी खुंटीवरची टोपी काढली, झटकली, डोक्यावर ठेवली.

“तर पुढच्या शुक्रवारी ये.”