‘भ’च्या डोक्यावरची फट

फार जुन्या काळी रानात झिपरी नावाची खार पाट्या रंगवायची. अक्षरं काढून झाली की शेपटी रंगात बुडवून सगळ्या शब्दांवर एका दमात रेघ ओढायची.

एका उन्हाळ्यात तिने झऱ्यावर पाटी लावली, ‘इथे या आणि भरा.’ खाली सुबक मडकं रंगवलं. पण तहानलेले प्राणी पाटी वाचून दुरूनच परत फिरायचे. असं का? झिपरीला चैन पडेना. तिने सशाला गाठलं.

“ससेभाऊ, पाणी का नाही भरत?”

“तूच लिहिलंयस ना, ‘इथे या आणि मरा’? आणि वर मडकंही तयार ठेवलंस!”

झिपरीने निरखून पाहिलं. ‘भ’च्या डोक्यावरची फट रेघेने बुजली होती. तिने नखाने तेवढाच रंग खरवडला.

“अरेच्चा,” आपलं मडकं झऱ्यात बुडवत ससा म्हणाला, “एवढ्याशा फटीत अख्खा झरा अडकला होता की!”